डिचोलीला न झालेलं कीर्तन

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर गोष्ट अर्धीच पोचते, आणि अर्धवट पोचलेली गोष्ट काय घोटाळा करते ते तुम्हाला आत्ताच कळणार आहे. झांज नाही, पेटी नाही, कपाळाला बुक्का लावायला कुणी येणार नाही. नुसते कान द्या. त्या बदल्यात एक बाई दाखवीन, जिने सोळा वर्षं एक खोटं पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि एका सकाळी, दुसऱ्याच्या डोळ्यापायी, आपल्या हातांनी सोडून दिलं.

वाडीचं नाव मात्र विचारू नका. पेडण्यातली वाडी, तुयेच्या कारखान्याचा भोंगा ऐकू यावा इतकी जवळ आणि मोरजीला आलेल्या पर्यटकांना सापडू नये इतकी आत. एवढं पुरे.

तिथली ही चंद्रावती. वय छप्पन्न, एक गाय, थोडी काजूची झाडं, आणि पंचक्रोशीत दोन गोष्टींसाठी नाव.

पहिलं नाव कावेसाठी. कुणाच्या कमरेला, कुणाच्या पाठीला पुरळाची माळ उठली आणि अंगावर निखारे ठेवल्यासारखी आग पडली की माणसं म्हणत, नागीण आली. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस गेला, अशी सगळ्यांची समजूत. मग धावायचं चंद्रावतीकडे. ती सहाणेवर तांबडी काव उगाळायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत त्या माळेभोवती सात वेढे काढायची. सासूने शिकवलेलं काम आणि सासूनेच घालून दिलेले नेम: रोग्याने आभार मानायचे नाहीत, जाताना मागे वळून बघायचं नाही, आणि सात दिवस दुसरं औषध घ्यायचं नाही. चंद्रावतीच्या हातून आजवर कुणाचीही टोकं जुळली नव्हती, आणि हे ती स्वतःच्या तोंडाने सांगायला कधी लाजली नव्हती.

दुसरं नाव कीर्तनासाठी. गावदेवी सातेरीच्या देवळात बुवा उभा राहिला की ही खांबाजवळ पहिल्या रांगेत. पूर्वरंगाला डोळे मिटलेले, उत्तररंगाला डोळे पुसायचं चाललेलं. बुवाचा घसा बसला तर खाकरायची ही. पण वाडीला गोडी होती ती तिच्या डिचोलीच्या कीर्तनाची. दर तीन महिन्यांनी चंद्रावती सकाळची कदंबा बस धरून डिचोलीला कीर्तनाला जायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, शेजारच्या सुलोचनेच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत बसून, चहात उंडे पाव बुडवत, सहा-सात बायकांना अख्खं आख्यान ऐकवायची. बायका कामं आटपून यायच्या. एकदा तर एकीने माहेरी जायचा बेत पुढे ढकलला होता.

आता तुम्ही पुढे सरकलाच आहात, तर कानात सांगायला हरकत नाही. डिचोलीला कीर्तन नव्हतं. बुवा नव्हता. चंद्रावती डिचोलीला जातच नव्हती.

तिचा नवरा सगुण डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. सोळा वर्षांपूर्वी त्याला ताप धरला तो सोडेना. तो गेला, आणि जाता जाता दोघांच्याही रक्ताचे कागद आले. दोघांनाही एचआयव्ही. सगुणाला उशीर झाला होता, चंद्रावतीला नव्हता. तेव्हापासून दिवेलागणीला देवाला उदबत्ती आणि आपल्याला एक गोळी, दोन्ही न चुकता. रक्त तपासणारे म्हणत की विषाणू आता शोधूनही सापडत नाही, इतका निपचित आहे. गोळ्या आणायला जायचं ते बांबोळीच्या सरकारी इस्पितळात.

पहिल्या खेपेला ती कापडी पिशवी घेऊन बस थांब्यावर उभी होती, आणि समोरून आली ती सुलोचनाच. सकाळी सुलोचनेला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत पाववाल्या पोदेराच्या सायकलवरून, पावांबरोबर, पलीकडच्या वाड्यावर पोचते, हे लहान पोरांनाही माहीत. तिने विचारलं, "सकाळच्या पारी खंय गो?" चंद्रावतीच्या तोंडून निघून गेलं, "कीर्तनाक. डिचोलीक." परत आली तर सुलोचना फाटकातच उभी. "मगे? बुवान काय सांगल्यान?"

आता काय करणार? पायरीवर बसली, पदराने घाम टिपला आणि म्हणाली, "एक राजा होता."

तेव्हापासूनची ही आख्यानं. सगळा माल बांबोळीच्या रांगेतला. टोकन देणारा शिपाई हा राजवाड्याचा द्वारपाल, खिडकीतून गोळ्या देणारा चष्मेवाला म्हणजे ऋषी, आणि रांगेत शेजारी बसलेल्या कुणाची सुखदुःखं झाली राजकन्यांची. देवाच्या नावावर थाप मारते म्हणून तिला टोचायचंही. मग ती बसमध्ये पेडण्यापासून म्हापशापर्यंत नाम घ्यायची. म्हापशाला बस बदलताना सुटायचं, पण देव तेवढं चालवून घेत असावा.

या वर्षी शिगमो आटपल्यावरच्या खेपेला तपासायला नवी डॉक्टर होती. डॉक्टर सिद्धी. वयाने तिशीची, बोलायला लवंगी मिरची.

"मावशी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या. देवीला नारळ दिला होता."

"त्या गेल्या नाहीत."

"नारळ कमी पडला?"

सिद्धी हसली. "कांजिण्या सगळ्यांच्याच राहतात. त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी झोपून असतो. अंगातली राखण ढिली पडली की उठतो आणि नसेच्या वाटेने कातडीवर येतो. तीच नागीण. तुमची राखण गोळ्यांनी चांगली ठेवली आहे, तरी एचआयव्ही असलेल्यांना तिचा धोका इतरांपेक्षा जास्त. त्यात तुमचं वय. तिच्यावर लस आहे, घेऊन टाका. दोन टोचण्या, मध्ये दोन महिने. त्यात जिवंत विषाणू नसतो, तेव्हा तुम्हाला बिनधास्त चालते."

चंद्रावतीने असं हसून घेतलं की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "मला? नागिणीची लस? अहो डॉक्टर, नागीण माझ्या उंबऱ्याला घाबरते." आणि मग काव, सहाण, सात वेढे, सगळं सविस्तर सांगितलं. डॉक्टरने पेन खाली ठेवून ऐकून घेतलं.

"काव लावल्यावर किती दिवसांत बरी होते?"

"पंधरा-वीस दिवस. कधी महिना."

"आणि न लावता?"

"न लावता राहतोय कोण!"

"माझ्याकडे येतात ते राहतात. पंधरा-वीस दिवस. कधी महिना."

चंद्रावतीचं हसू ओठांवर तसंच राहिलं, ते कुठे ठेवावं ते तिला कळेना. "आणि टोकं जुळतात ती?"

"जुळलेली कधी बघितलीत?"

"माझ्या हातून कुणाची नाही."

"कुणाच्याच हातून नाही, मावशी. ती सहसा शरीराच्या एकाच बाजूला येते. जुळणार कशी? फरक पडतो तो औषधाने. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आवरतो. आणि कपाळावर, डोळ्याजवळ उठली तर एक दिवससुद्धा घालवायचा नाही. नजर जाते."

सासूची सहाण, चाळीस वर्षांचं नाव, सगळं या पोरीने दोन वाक्यांत पुसून काढलं होतं. चंद्रावती पिशवी उचलून उठायच्या बेतात होती. तेवढ्यात सिद्धी सहज म्हणाली, "एक सांगा. तुम्ही सगळ्यांना काव लावता. तुमच्या पाठीवर नागीण आली तर तुम्हाला कोण लावणार?"

या प्रश्नाला सासूने उत्तर देऊन ठेवलं नव्हतं. चंद्रावती पुन्हा खाली बसली. लस बाहेरच्या दुकानातून विकत आणावी लागली. यंदा काजू चांगले लागले होते, निभावलं.

दंड दुखला, रात्रभर अंग तापलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ती शाल गुंडाळून बलकांवात हजर. आणि या खेपेला तिने ठरवलं होतं की डॉक्टरने सांगितलं ते जसंच्या तसं वाडीपर्यंत पोचवायचं, आख्यानाच्या पुडीत बांधून.

"एक राजा होता. त्याच्या कपाळावर, उजव्या डोळ्याशी नागीण उठली. ऋषी म्हणाला, राजा, आजपासून तीन दिवस. तीन दिवसांत माझं औषध पोटात गेलं तर डोळा तुझा, नाहीतर अंधार तुझा."

बायकांचे चहा निवले. कोपऱ्यात बसलेली तारा, जिच्या नवऱ्याला चंद्रावतीने मागच्याच साली काव लावली होती, ती भाबडेपणाने म्हणाली, "मगे काव लावतत ता काय फुकट?"

सहा तोंडं चंद्रावतीकडे वळली. सहा जणींच्या घरी कधी ना कधी तिची सहाण गेली होती.

बाई चांगली होती हो, पण बाई होती. नावाचा मोह कुणाला सुटलाय? चंद्रावतीने चहाचा घोट घेतला, आणि त्या घोटाबरोबर ऋषीचं औषधही गिळून टाकलं. "ऐका पुढे," ती म्हणाली. "ऋषी औषध आणायला गेला तो नदीला पूर. तिसरा दिवस मावळायला आला. तेव्हा राणीने सहाण घेतली, काव उगाळली, राजाच्या कपाळावर सात वेढे घातले. आणि राजाने डोळा उघडला."

"बघलंस?" सुलोचना तारेवर खेकसली. "बुवान सांगल्यान ता ऐक."

टाळ्या पडल्या. चंद्रावतीचा दंड मात्र ठणकायला लागला, आणि तो लसीनेच ठणकतोय की आणखी कशाने, याचा तिने शोध घेतला नाही.

मे महिना लागला. दुसऱ्या टोचणीला तीन आठवडे होते. एका मंगळवारी सकाळी चंद्रावती अंगणात फणस फोडत होती, तेव्हा फाटक वाजलं. सुलोचना. डोक्यावरून पदर घेतलेला, पार नाकापर्यंत.

"सहाण काढ गो चंद्रा."

"कोणाक?"

सुलोचनेने पदर मागे सारला. उजव्या कपाळावर, भुवईपासून केसांपर्यंत पाणीदार फोडांचा घोस. पापणी सुजून डोळा मिटलेला. "आयतवारी सकाळपासून आग. वाटलां, उन्हान डोक्यां तापलां. सांजवेळेक ह्यां उठलां. लाव बेगीन."

चंद्रावतीने मनात हिशेब केला. रविवारची संध्याकाळ, सोमवार, आज मंगळवार. हातांना फणसाचा चीक लागलेला तसाच, ती उठून उभी राहिली.

"सुलू, दोतोराकडे चल."

"दोतोर कित्याक? तू आसंस मां?"

"कपाळाक काव लावूक जायना."

"जायना? राजाच्या कपाळाक गेली ती?"

"खंयचो राजा?"

"आता खंयचो राजा! शिगम्यानंतरच्या कीर्तनातलो! नदीक पूर इलो, राणीन सात वेढे घातल्यान, राजान डोळो उघडल्यान. ह्या कानांनी ऐकलंय. तारेच्या घोवाक लावलंस, माझ्या विहिणीक लावलंस, आणि माझ्या वक्ताक तुझी काव संपली?"

चंद्रावतीला वाटलं, लावून टाकावी आणि मागोमाग डॉक्टरकडे पाठवावं. पण सुलोचनेला ती ओळखून होती. नेम म्हणजे नेम. कावेचा एक थेंब अंगाला लागला की सात दिवस ही बाई औषधाच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही, आणि मागे वळून न बघता घरी जाऊन तो डोळा मिटून घेईल. कायमचा.

"त्या कीर्तनात चूक झाली," ती म्हणाली.

"बुवाची?" सुलोचनेचा उघडा डोळा मोठा झाला. "डिचोलीच्या बुवाची? तूच सांगतंस मां, तीस वर्षां गादीर उभो, एक अक्षर हयचां थंय नाय?"

हेही चंद्रावतीनेच सांगितलं होतं. बुवाला तिने जरा जास्तच थोर करून ठेवलं होतं. आता त्याला हलवायचं म्हणजे देऊळच हलवावं लागणार होतं.

ती पायरीवर बसली. सोळा वर्षं तिने या क्षणाची भीती बाळगली होती, आणि प्रत्येक वेळी भीतीत एकच चित्र असे: समोरचं माणूस आपला हात मागे घेतं. तिने सुलोचनेच्या सुजलेल्या पापणीकडे बघितलं.

"राणी मी घातली, सुलू. नदी मी घातली. बुवा नाय. कीर्तन नाय. सोळा वर्षांत मी एकदाय डिचोलीक जावक नाय."

"मगे खंय जातंस?"

"बांबोळीक. गोळ्यो हाडूक."

"कसल्यो?"

"सगुण ज्या आजारान गेलो, तो माझ्या अंगात पण आसा. एचआयव्ही." शब्द बाहेर पडला आणि अंगणात तसाच उभा राहिला. "म्हणान म्हणतंय, ह्यां माका ठाऊक आसा. थंयची दोतोरीण म्हणता, डोळ्याकडे उठली तर थांबूचां नाय, तीन दिवसांच्या आत औषध. ह्यां कीर्तनातलां नाय. ह्यां खरां."

सुलोचना गप्प. हे वाडीने कधी बघितलं नव्हतं.

मग सुलोचना म्हणाली, "ती सातवी सून?"

"कसली सून?"

"ती गो! जिका सासून जंगलात सोडलेली. पावसात. पोर कडेर घेवन. ती पण तूच केलंस?"

"मीच."

"मी दोन दिवस जेवलंय नाय तिच्यासाठी!"

"ठाऊक आसा माका. म्हणान तर पुढच्या खेपेक तिका माहेराक धाडली."

सुलोचनेने पदर तोंडाला लावला. रडू की हसू, ते एका डोळ्यावरून ओळखणं कठीण होतं. "सोळा वर्षां," ती म्हणाली. "सोळा वर्षां एकटी त्या बसीत बसान जातंस, आणि येवन आमकां हसवतंस." मग एकदम तिचा नेहमीचा आवाज परत आला. "आणि डोळ्याचां ह्यां नक्की खरां मां? का परत राणी घालतलंस?"

"सातेरीची आण."

"मगे बसलंस काय! ऊठ. सेजलाक हाक मार, गाडी काढूक सांग." आणि तिने हात पुढे केला. "हात दी गो. एका डोळ्यान पायरी दिसना."

चंद्रावतीने चिकट हात लुगड्याला पुसायच्या आत सुलोचनेने तो घट्ट धरला होता. फणसाचा चीक दोघींच्या तळव्यांना लागला आणि पुढे तेल लावून सोडवावा लागला.

सुलोचनेच्या सुनेने, सेजलने, तुयेच्या कारखान्यात रजा कळवली आणि गाडी अशी हाकली की वाटेतल्या कोंबड्या अजून सांगत असतील. इस्पितळात गोळ्या सुरू झाल्या, डोळ्यांच्या डॉक्टरने थेंब दिले, दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, परत बघितलं. डोळ्याच्या बुबुळाला धक्का लागला नव्हता. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "कोणी पाठवलं?"

"राणीन," सुलोचना म्हणाली, आणि डॉक्टरने ते तापात बरळणं समजून सोडून दिलं.

डोळा वाचला. आता प्रश्न राहिला चंद्रावतीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराच्या भोंग्याचा पों पों ऐकू आला तशी ती हातातलं काम टाकून उठली. सुलोचनेकडून निघून तो तिच्या फाटकाशी येणार. ती उंबऱ्यात उभी राहिली. पोदेर आला, टोपलीवरचं कापड बाजूला केलं आणि म्हणाला, "दोन की तीन?" ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडावर पिठाशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तिने मुद्दाम विचारलं, "सुलोचनाबाय काय म्हणता?" पोदेर म्हणाला, "काय म्हणूचां नाय. पाव कडक म्हणता." तेव्हा चंद्रावती आत आली, देवापुढे बसली आणि म्हापशाला बस बदलताना आजवर जेवढं नाम सुटलं होतं तेवढं एका बैठकीत म्हणून टाकलं.

मेच्या शेवटी दुसऱ्या टोचणीचा दिवस आला. बस थांब्यावर चंद्रावती पिशवी घेऊन पोचली, तर तिथे आधीच एक पिशवी उभी. सुलोचना. भुवईवर काळसर डाग, नवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर.

"खंय गो?" चंद्रावतीने विचारलं.

"कीर्तनाक," सुलोचना म्हणाली.

बांबोळीच्या रांगेत तिने अर्ध्या तासात चार जणांची घरं, मुलंबाळं आणि दुखणी विचारून घेतली. रांग अशी बोलकी झाली की शिपाई दोनदा उठून आला. "गो चंद्रा," ती कुजबुजली, "द्वारपाल तो मां? पोट तू सांगलंस तितक्यां मोठां नाय." आत सिद्धीने टोचणी भरली, आणि सुलोचनेची भुवई बघून सगळी हकिगत काढून घेतली.

"आता परत नाही ना येणार?" सुलोचनेने विचारलं. "एकदा आली ती आली."

"येऊ शकते. पूर्ण बऱ्या व्हा, थोडे महिने जाऊ देत. मग विचारून तुम्हीही लस घ्या."

"मला तिच्यासारखं काही नाही हां."

"नसू दे. पन्नाशीच्या पुढे आहात ना, तेवढं पुरे."

"पन्नाशी कोणी सांगितली तुम्हाला?" सुलोचना ताडकन म्हणाली, आणि परतीच्या बसमध्ये म्हापशापर्यंत तिने डॉक्टरला माफ केलं नाही. नागिणीचं ती विसरली होती. वयाचं विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार. बलकांव भरलेला, कारण वाडीला बातमी होती की या खेपेला दोघी गेल्या होत्या. चंद्रावती शालीत, अंगात थोडी कणकण. तारेने उंडे आणले होते.

"मगे? बुवान काय सांगल्यान?"

"एक राजकन्या होती," चंद्रावती म्हणाली.

"एक खारवी होतो," त्याच दमात सुलोचना म्हणाली.

तारेने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "दोघी एकाच देवळात होत्यात मां?"

"माझो एक डोळो अजून अधू," सुलोचना म्हणाली. "माका अर्धांच कीर्तन दिसलां." आणि चंद्रावतीला कोपर मारलं ते नेमकं टोचलेल्या दंडावर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बायकांना वाटलं, राजकन्येचं काहीतरी वाईट झालं असणार. मग दोघींनी मिळून त्या राजकन्येचं मासे मारणाऱ्या खारव्याशी लग्न लावून दिलं. मोरजीच्या किनाऱ्यावर लागलं म्हणे, कासवं वऱ्हाडी होती. इतकं गोड आख्यान वाडीने कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी चंद्रावतीने कप खाली ठेवला. "आणि एक. त्या नागिणीवाल्या राजाचा शेवट मी चुकीचा सांगला. बुवाची चूक नाय, माझी. नदीक पूर इलोच नाय. राणीन काव उगाळली नाय. तिना राजाक रथात घातल्यान आणि तसोच ऋषीच्या दारात नेल्यान. दुसऱ्याच दिवशी. म्हणान डोळो रवलो."

सगळ्यांच्या नजरा सुलोचनेच्या भुवईवर गेल्या, आणि सुलोचनेने ती भुवई अशी वर केली की शंका विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"आजपासून माझो नेम बदललो," चंद्रावती पुढे म्हणाली. "नागीण उठली की आधी दोतोर, त्याच दिवशी. त्याचो कागद माका दाखवूचो. मगेच सहाण भायर येतली. काव बाजूक लागतली, फोडांवर नाय. आणि दोतोराच्यो गोळ्यो एक दिवस पण चुकवूच्यो नाय."

"औषध दोतोराचां," तारा विचारात पडली, "मगे काव कित्याक?"

"बरां वाटूक," चंद्रावती म्हणाली. "कोणी तरी कडेक बसलेलां लागता."

हे सगळ्यांना पटलं. नेम वाडीत एका आठवड्यात रुजला, कारण तो पोदेराच्या सायकलवरून गेला. सुलोचनेने तेवढाच दिला त्याच्याकडे. बाकीचं तिच्यापाशी आहे, आणि दर तीन महिन्यांनी दोन तिकिटं काढली जातात.

झालं. आता उठाल, कपडे झटकाल, आपापल्या वाटेला लागाल. एकच मागणं आहे. कधी सकाळच्या बसमध्ये, कापडी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीकडची जागा धरलेली एखादी बाई दिसेल. तुम्ही विचाराल, कुठे निघालात? ती म्हणेल, कीर्तनाला. तर कुठल्या देवळात, बुवा कोण, आख्यान कसलं, असं काही विचारू नका. नमस्कार करा, जरा सरकून बसा, आणि आपल्या चंद्रावतीची आठवण काढा.